दाताखालचं हाड

हिरड्या आणि जबड्याच्या हाडाची डॉक्टर म्हणून साताऱ्यात काम करताना माझी पंचवीसेक वर्षं गेली. सुरुवातीला दात गेलेली माणसं कवळी किंवा ब्रिज मागायला यायची. आता 'स्क्रूचे दात' मागतात. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवायचा आणि त्यावर दात चढवायचा, हे इम्प्लांटचं तंत्र खेड्यापाड्यांतही माहीत झालं आहे. स्क्रू धरायला हाड लागतं, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं, आणि तपासणीत पुष्कळदा ते हाडच अपुरं निघतं. मग मला सांगावं लागतं, "आधी हाड भरावं लागेल." हे ऐकून काही जण घाबरतात, काहींना डॉक्टर बिल वाढवतायत अशी शंका येते. दोन्ही स्वाभाविक आहे. या कामातून मला जे उमगत गेलं आणि दवाखान्याच्या गर्दीत प्रत्येकाला निवांत सांगता येत नाही, ते इथे लिहिते आहे.

१. दात गेला की त्याचं हाडही जायला लागतं.

जबड्याचं मूळ हाड वेगळं आणि दातांना धरून ठेवणारं हाड वेगळं. हे दुसरं हाड दातांबरोबर येतं आणि दातांबरोबरच जातं. मुळाभोवतीचा अगदी आतला थर तर दाताला बांधून ठेवणाऱ्या तंतूंवरच जगतो. दात काढला की तंतू गेले, त्यांच्यातून येणारं रक्त थांबलं आणि तो थर विरघळू लागला. वरच्या पुढच्या दातांत ओठाकडची हाडाची भिंत बहुतेकांची १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिथे या थरापलीकडे फारसं काही नसतंच, त्यामुळे सगळी भिंत बसते आणि हिरडी आत ओढली जाते.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथल्या संशोधकांनी दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागा वर्षभर मोजल्या होत्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जबड्याची रुंदी वर्षभरात जवळजवळ निम्मी झालेली दिसली, आणि त्या घटीतली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. माझ्याकडे येणारे लोक आठ-दहा वर्षांनी येतात. "दाढ काढली तेव्हा काही त्रास राहिला नाही, म्हणून तसंच ठेवलं," असं सांगतात. त्रास होत नाही हे खरंच, कारण हाड झिजताना दुखत नाही.

कवळी वापरणाऱ्यांचं तर याहून अवघड. "पूर्वी घट्ट बसायची, आता बोलताना हलते," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी कवळी आणि जबडा दोन्ही शेजारी दाखवते. कवळी आहे तेवढीच आहे. तिच्याखालचं हाड वर्षानुवर्षं दाबाने झिजलेलं असतं.

२. हाडाचा विचार दात काढण्याआधी करायला हवा.

रात्रभर दाढेने तळमळलेला माणूस सकाळी येऊन म्हणतो, "उपटून टाका एकदाची." त्या क्षणी त्याला पुढच्या वर्षीचं काही सांगून उपयोग नसतो, पण डॉक्टरला मात्र तेव्हाच पुढचं बघावं लागतं. दात कसा काढला यावर पुढचं पुष्कळ ठरतं. दाढ असेल तर मुळं वेगवेगळी करून एकेक काढायची, बाहेरची भिंत मोडू द्यायची नाही, आतला संसर्ग खरवडून स्वच्छ करायचा. मग गरज असेल तर त्या खळग्यात हाडाचे कण भरायचे, वर कोलाजेनचा बोळा किंवा पडदा ठेवायचा आणि टाका घालायचा. यामुळे झीज पूर्ण थांबत नाही, कमी मात्र होते. तेवढ्यानेही कित्येकांची पुढची मोठी शस्त्रक्रिया टळते.

हे प्रत्येक दाताला करावं असं मी म्हणणार नाही. अक्कलदाढ काढली तर तिथे कुणाला इम्प्लांट बसवायचा नसतो. भिंती जाड असतील तर खळगा आपोआप चांगला भरतो. पू साचलेला असेल तर आधी साफ करून थांबणं शहाणपणाचं. खळग्यात काय भरलं यापेक्षा दात किती हळुवार काढला हे जास्त मोलाचं, असं माझं ठाम मत आहे. पदव्युत्तर विद्यार्थी शिकायला येतात तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवसापासून हेच दाखवते.

३. हाड शरीर घडवतं. डॉक्टर फक्त जागा राखतो.

"हाडाची पावडर टाकली" असं रुग्ण म्हणतात आणि त्यांना वाटतं की ती पावडरच पुढे घट्ट होऊन हाड बनते, सिमेंटसारखी. तसं होत नाही. बहुतेक वेळा आपण भरतो ते कण म्हणजे दोडक्याच्या वेलाला घातलेला मांडव असतो. वेल त्यावर चढतो, मांडव स्वतः वाढत नाही. कणांच्या मधल्या जागेत आधी रक्त साकळतं, मग त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्या मागोमाग हाड घडवणाऱ्या पेशी येतात आणि हळूहळू नवं हाड तयार होतं. काही कण शरीर विरघळवून टाकतं, काही वर्षानुवर्षं नव्या हाडात तसेच राहतात.

एक अपवाद सांगायला हवा. मार्शल युरिस्ट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदांनी १९६५ साली दाखवलं की क्षार काढून टाकलेलं हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड उगवतं. हाडातच काही प्रथिनं असतात, ती पेशींना हाड घडवायला सांगतात. त्यामुळे मानवी हाडापासून केलेल्या काही कणांमध्ये हा गुण थोडाफार राहतो. पण प्रत्येक कुपीत तो सारख्याच जोमाचा असेल असं नाही, आणि त्याच्या भरवशावर बाकीची काळजी सोडता येत नाही.

बाकीची काळजी म्हणजे काय? हिरडी ताण न देता पूर्ण मिटली पाहिजे. जखमेला रक्त भरपूर मिळालं पाहिजे. भरलेली जागा दाबली जाता कामा नये आणि आतले कण हलता कामा नयेत. चारांतली एक गोष्ट चुकली तर जगातली सर्वांत महाग पावडरही वाया जाते. आणखी एक पेच असा की हिरडीच्या पेशी भराभर वाढतात आणि हाडाच्या सावकाश. मोकळं सोडलं तर हिरडी ती जागा आधी बळकावते. म्हणून मध्ये पडदा घालायचा. १९८८ साली स्वीडनमधल्या डालिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून हे स्पष्ट दाखवलं, तेव्हापासून पडदा या कामाचा भाग झाला आहे.

रुग्ण विचारतात, "कुठल्या कंपनीची पावडर वापरता?" मी नाव सांगते, पण त्याबरोबर हेही सांगते की तुमची साखर किती आहे आणि तोंडात तंबाखू आहे का, हे मला त्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

४. हाड कुठून आलं हे रुग्णाला आधी सांगितलंच पाहिजे.

माझ्या व्यवसायात या मुद्द्यावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. भरायचं हाड चार ठिकाणांहून येतं: रुग्णाचं स्वतःचं, दुसऱ्या माणसाचं, जनावराचं, किंवा कारखान्यात तयार केलेलं. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कणांपैकी एक प्रकार गाई-बैलांच्या हाडापासून बनतो. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज सांगाडा ठेवतात. वर घालायचे पुष्कळसे कोलाजेनचे पडदे डुकराच्या ऊतींपासून बनतात. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही उत्तम आहेत. पण आपल्याकडच्या हिंदू, जैन, मुसलमान रुग्णांपैकी अनेकांना हे शरीरात ठेवणं मान्य नसतं, आणि तो निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचा आहे.

एक माळकरी आजोबा होते. पंढरीची वारी न चुकवणारे, कांदा-लसूणही वर्ज्य. दुसऱ्या ठिकाणी त्यांना "पावडर भरू" एवढंच सांगितलं होतं. माझ्याकडे आले तेव्हा मी सवयीप्रमाणे चारही प्रकार समजावले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं आणि मागाहून कळलं असतं, तर मी तोंडात तुळशीचं पान कसं धरलं असतं?" त्यांच्यासाठी आम्ही कृत्रिम कण वापरले, त्यात जबड्याच्या मागच्या भागातून खरवडलेलं त्यांचंच थोडं हाड मिसळलं. काम छान झालं. कृत्रिम कण, म्हणजे हायड्रॉक्सिअपॅटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोअॅक्टिव्ह काच, हे अशा प्रसंगी चांगला पर्याय असतात.

मानवी हाडाबद्दलही लोकांना धास्ती वाटते, ती मात्र दूर करता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दात्यांकडून मिळालेलं हाड तिथे तपासण्या करून, प्रक्रिया करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतात. मी शिकत असताना हातात आलेली पहिली कुपी तिथलीच होती. कुणाच्या तरी दानातून आलेलं हाड आपल्या रुग्णाच्या जबड्यात आधार होतं, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

५. स्वतःचं हाड सर्वांत चांगलं, पण ते फुकट मिळत नाही.

त्यात जिवंत पेशी असतात, शरीर ते परकं मानत नाही, म्हणून मोठी झीज असेल तिथे अजूनही त्यालाच पसंती मिळते. हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागून किंवा फार मोठं काम असेल तर कमरेच्या हाडातून ते घेतात. म्हणजे दुसरी जखम आली. हनुवटीतून हाड घेतल्यावर खालचे पुढचे दात काही काळ बधिर वाटू शकतात, क्वचित ते बधिरपण राहून जातं. कमरेतून घेतलं तर काही दिवस चालताना दुखतं. हे आधी सांगून मगच विचारावं.

६. वरच्या दाढांची गोष्ट वेगळी आहे.

वरच्या दाढांच्या माथ्यावर, वरच्या जबड्याच्या हाडात एक हवेची पोकळी असते. सर्दीत जड होते ती सायनस. दाढा गेल्या की खालून हाड झिजतं आणि वरून ही पोकळी खाली उतरते. मध्ये उरतं ते कधी ३ मिलिमीटर, कधी त्याहून कमी. तेवढ्यात स्क्रू धरत नाही. मग सायनसचं अस्तर उचलून त्याच्याखाली हाड भरावं लागतं. अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत सुरू केली, आणि फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी १९८० साली ती शोधनिबंधात मांडली.

हाड ५ मिलिमीटरच्या पुढे असेल तर बहुधा खालूनच, स्क्रूसाठी केलेल्या छिद्रातून अस्तर थोडं वर सरकवता येतं आणि स्क्रूही त्याच वेळी बसतो. त्याहून कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडात खिडकी करावी लागते. हे अस्तर अतिशय नाजूक असतं, बोटाच्या टोकाला जाणवणारही नाही इतकं पातळ. ते हाडापासून सोडवताना माझ्या खोलीत कुणी बोलत नाही. छोटं भोक पडलं तर पडदा लावून निभावतं. मोठं पडलं तर टाके घालून काम थांबवायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा यायचं. थांबायचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरवर रुग्णाने नाराज होऊ नये.

यानंतरची पथ्यं आपल्याकडे वेगळी सांगावी लागतात. नाक शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडून शिंका, हे सगळेच सांगतात. पण आपल्या घरांत पहाटे कपालभाती आणि भस्त्रिका चालते, काही जण जलनेती करतात. या सगळ्यांनी सायनसमध्ये दाब जातो. मी महिनाभर तरी ते बंद ठेवायला सांगते. एकदा एका गुरवांचं काम केलं होतं. ते रोज आरतीला देवळात शंख फुंकत. शंख फुंकायला गालांतून केवढा जोर लावावा लागतो याची मला कल्पना होती, म्हणून आधीच विचारलं. त्यांनी तो मान पुतण्याकडे सोपवला आणि बरं वाटेपर्यंत देवळात नुसती घंटा वाजवली. बासरी, सनई, तुतारी वाजवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. विमानप्रवास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

७. साध्या एक्स-रेवर भरवसा ठेवून जबड्यात स्क्रू घालू नये.

ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचा सपाट एक्स-रे. त्यात हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. बाहेरून हिरडी भरदार दिसते आणि आत हाडाची पातळ कड असते, असं कितीदा तरी होतं. ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे ७ मिलिमीटर झालं. हे सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्येच कळतं. खालच्या जबड्यातून एक मोठी नस जाते, ती खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिच्यापासून २ मिलिमीटरचं अंतर राखायचं असतं. तेही स्कॅनशिवाय नीट मोजता येत नाही. स्कॅन सांगितला म्हणून कुरकुर करू नका.

८. तंबाखू, मिश्री, साखर आणि आठवड्याची गोळी.

हाड भरण्याचं काम फसलं की मी पहिल्यांदा या चार गोष्टी तपासते.

तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. वर सांगितलं ते नवं हाड ज्या रक्तावर उभं राहायचं, तेच कमी होतं. जखम उघडते, पडदा बाहेर येतो, कण गळतात. सिगारेट ओढणारे निदान "ओढतो" असं कबूल करतात. आमच्या भागातल्या बायकांना विचारलं तर सांगतात, "छे, तंबाखू नाही खात, फक्त मिश्री लावते." मिश्री म्हणजे भाजून दळलेला तंबाखूच. तो दिवसातून चार वेळा हिरड्यांना चोळला जातो, अगदी जिथे टाके आहेत तिथे. लहानपणी आईने दात घासायला शिकवलं ते मिश्रीनेच, त्यामुळे त्यांना हे व्यसन वाटतच नाही. म्हणून मी आता 'तंबाखू खाता का' असं विचारत नाही, 'दात कशाने घासता' असं विचारते. आधी निदान आठवडाभर आणि नंतर दोन महिने तंबाखू पूर्ण बंद, हा किमान दंडक. बंद होणार नसेल तर मी हाड भरायचं काम हातात घेत नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. तरीही तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही अशी तरुण मुलं अजून येतात. सुपारीने गालांचं अस्तर ताठ झालेलं असतं. त्यांच्या मागच्या दाढांपर्यंत अवजारच पोचत नाही. त्यांच्या बाबतीत दातांच्याही आधी कर्करोगाची तपासणी महत्त्वाची.

मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आसपास असेल तर काम निर्धास्त करता येतं. आठाच्या वर असेल तर मी थांबायला सांगते आणि रुग्णाला त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवते. मधुमेह असलेल्यांना इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. मोकाट साखर असलेल्यांना नको, हे खरं.

चौथी गोष्ट सर्वांत कमी माहीत आहे. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झाली म्हणून अनेक स्त्रियांना आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देतात, काहींना वर्षातून एकदा सलाइनमधून औषध देतात. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकदही त्यांनी मंदावते. क्वचित जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. मायामीतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये याकडे पहिल्यांदा डॉक्टरांचं लक्ष वेधलं. गोळीमुळे हा धोका थोडा असतो, कर्करोगासाठी दिलेल्या मोठ्या मात्रेच्या इंजेक्शनांमुळे बराच जास्त. माहिती दिली तर मार्ग काढता येतो. आयाबायांनो, दाताच्या डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांचा डबा बरोबर न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्याही दाखवा, पण स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

९. घाई करणाऱ्यांना मी या माणसाची गोष्ट सांगते.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश शास्त्रज्ञ १९५२ साली लुंडमध्ये सशाच्या पायातल्या हाडात रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तेव्हा ते निघेना, कारण हाडाने त्याला धरून ठेवलं होतं. त्यावर वर्षानुवर्षं काम करून १९६५ साली त्यांनी गोथेनबर्गमध्ये योस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते इम्प्लांट त्यांच्या तोंडात काम करत होते. चाळीस वर्षांहून अधिक. ब्रोनेमार्क स्क्रू बसवल्यावर काही महिने त्यावर भार येऊ देत नसत. आजची अवजारं आणि स्क्रूचे पृष्ठभाग सुधारले, त्यामुळे काही ठिकाणी ताबडतोब दात देता येतो. पण भरलेल्या हाडाला वेळ लागतो तो लागतोच. खळगा भरला असेल तर चार-सहा महिने, सायनसचं मोठं काम असेल तर सहा ते नऊ.

दिवाळीच्या सुटीत अमेरिकेतून, दुबईहून तीन आठवड्यांसाठी घरी आलेली मंडळी विचारतात, "सगळं याच ट्रिपमध्ये होईल ना?" हाड भरायचं असेल तर होणार नाही. एका खेपेत हाड भरावं, पुढच्या खेपेत स्क्रू बसवावा. मुलीचं लग्न तोंडावर आलेल्या बापाला मी तात्पुरता काढघालीचा दात करून देते, फोटोत तो छान दिसतो. अशी हातातली सोय असताना हाडाशी घाई करायचं कारण उरत नाही. 'एका दिवसात फिक्स दात' अशी जाहिरात वाचून जाणाऱ्याने, माझ्या जबड्यात त्यासाठी लागणारं हाड आहे का, हे आधी विचारावं.

१०. पहिले पंधरा दिवस.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. जेवायला पेज, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, गार दूध. भाकरी, चिवडा, शेंगदाणे लांब ठेवा. सारखं थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. तोंडात अधूनमधून बारीक कण आले तर घाबरू नका, थोडे कण बाहेर येतातच. खूप आले, टाका सुटला, पू किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी फोन करा. ओठ उघडून जखम रोज आरशात तपासायचा मोह टाळा, त्या ओढण्याने टाके सैल होतात.

११. हाड भरणं टाळता येत असेल तर टाळावं.

ज्या कामावर माझं पोट चालतं त्याबद्दल हे मी मनापासून लिहिते. आता ६ ते ८ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट मिळतात आणि योग्य जागी ते चांगले टिकतात. सगळे दात गेले असतील तर मागचे स्क्रू तिरपे बसवून सायनस आणि नस दोन्ही चुकवता येतात. पोर्तुगालमधल्या पाउलो मालो यांनी ही चार इम्प्लांटची पद्धत १९९० च्या दशकात रूढ केली. वरच्या जबड्यात अगदीच हाड नसेल तर गालाच्या हाडात लांब स्क्रू बसवतात, पण ते फार थोड्या अनुभवी हातांचं काम आहे.

ऐंशीच्या घरातल्या आजींना घेऊन त्यांची मुलं येतात. "खर्चाची काळजी करू नका, आईला सगळे फिक्स दात हवेत," असं मुलगा सांगतो. आजींना विचारलं तर त्यांना फक्त खालची कवळी जेवताना हलायला नको असते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, हनुवटीच्या वर, बहुतेकांचं हाड बऱ्यापैकी शिल्लक असतं. तिथे दोन इम्प्लांट बसवून त्यांना कवळी अडकवली की ती हलत नाही. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या पूर्ण कवळीसाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं होतं. यात हाड भरावं लागत नाही, मोठी शस्त्रक्रिया नाही, खर्च कितीतरी कमी. मी मुलांना बाजूला बसवते आणि आजींशी बोलते.

शेजारचे दोन्ही दात आधीच कॅप घालायच्या अवस्थेत असतील तर ब्रिज हा चांगलाच उपाय आहे. आरोग्यविमा इम्प्लांटला बहुधा पैसे देत नाही, त्यामुळे हा सगळा भार घरावर येतो. ज्यांना खाजगीत परवडत नाही त्यांनी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात जाऊन चौकशी करावी. वेळ लागतो, पण तिथे शिकवणारे लोक अनुभवी असतात.

१२. कागद सांभाळा.

इम्प्लांटच्या आणि हाडाच्या प्रत्येक पाकिटावर एक स्टिकर असतं. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबर असतो. इम्प्लांटवरच्या दाताचा स्क्रू दहा वर्षांनी सैल झाला तर तो आवळायला त्याच कंपनीचं अवजार लागतं, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या गावी गेलेले असता किंवा मूळ डॉक्टर निवृत्त झालेले असतात. कुठला इम्प्लांट आहे हेच माहीत नसलेला रुग्ण समोर आला की मला एक्स-रेमधला आकार बघून ओळखत बसावं लागतं.

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड पुन्हा झिजू शकतं, तेही न दुखता. म्हणून वर्षातून एकदा दाखवायला जा. काम पूर्ण झाल्यावर डॉक्टरांकडून ती स्टिकरं, स्कॅन आणि शेवटचा एक्स-रे मागून घ्या. घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, आणि ती कुठे आहेत हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.